भोंगा, दोन पेट्या आणि धुडकूचा एक कान

सासऱ्याने धुडकूला सारंगखेड्याच्या यात्रेला घोडी आणायला पाठवलं होतं. साल एकावन्न. चौथ्या दिवशी जावई म्हसावदला परत आला तो घोडीवर बसून नाही, तर पायी, डोक्यावर पितळी भोंगा टोपीसारखा घालून. बगलेत चावीची पेटी, आणि खांद्याच्या पिशवीत अकरा तवे. तवे म्हणजे गाण्याच्या काळ्या तबकड्या. आमच्याकडे त्यांना तवेच म्हणायचे, कारण उन्हात राहिल्या की त्यांवर भाकरी टाकावी इतक्या तापायच्या.

सासरा ओट्यावर वाट बघत बसलेला. म्हणाला, "घोडी कोठे शे?"

"हाई काय," म्हणत धुडकूने भोंगा खाली उतरवला. "चारा लागत नही, लीद टाकत नही, आनि लगीनमा घोडीथून जास्त नाचाडस."

सासऱ्याने भोंग्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि आत हाक मारली, "मंगला, तुन्हा नवरा याडा शे. मी आज सांगी देस. आते बदली भेटाव नही."

मंगलाबाई बाहेर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. भोंग्याला बोटाच्या पेराने टिचकी मारली, पितळ कानाशी वाजवून घेतलं आणि म्हणाली, "एक हंडा निंघी यामा." त्या दिवसापासून पुढची पंधरा वर्षं त्या घरात एकाच वस्तूकडे दोन माणसं बघायची. धुडकूला ती गाताना दिसायची, मंगलाबाईला पाण्याने भरलेली दिसायची.

धंदा मात्र चालला. म्हसावद आणि आजूबाजूच्या बारा गावांत लग्न म्हटलं की धुडकूची पेटी. मांडवाच्या दारात तिवई ठेवायची, तिच्यावर पेटी, पेटीवर भोंगा, आणि भोंग्याचं तोंड गावाकडे. हळूहळू एक रीतच पडून गेली. भोंगा ज्याच्या घरी ऐकू गेला त्याला आवतन मिळालं असं धरायचं. वेगळं बोलावणं करायची गरज नाही. एकदा वारा उलटा सुटला आणि वरच्या आळीपर्यंत गाणं पोचलंच नाही, तर आख्खी आळी रुसून बसली आणि नवरदेवाच्या बापाला घरोघरी फिरून पाया पडावं लागलं. तेव्हापासून भोंगा कुठल्या दिशेला किती फिरवायचा, हे पाटील नाही, भटजी नाही, धुडकू ठरवायचा. माणसं लग्नाच्या आधी येऊन त्याला विडी पाजायची. "धुडकूनाना, जरा आमना गल्लीकडे तोंड ऱ्हाऊ द्या."

आवाजाचं म्हणाल तर बाई गाओ की बाप्या, त्या भोंग्यातून सगळे पडशाने बेजार झाल्यासारखे गायचे. तबला पत्र्यावर चणे पडल्यासारखा. सुई जुनी झाली की गाणाऱ्याला दमाही लागायचा. पण तक्रार कोण करणार? गाणं म्हणजे असंच असतं, नाकातलं, अशी बारा गावांची समजूत होती. दूरच्या शहरात गेलेला एखादा पोऱ्या परत येऊन सांगायचा की मी खऱ्या गवयाला ऐकलं, तर लोक विचारायचे, "त्याले सरदी नव्हती का?"

सत्तावन्न साली धानोऱ्याच्या एका वरातीत कुणा हौशी पाहुण्याने दारूचा गोळा उडवला. तो वर जायचा सोडून आडवा आला आणि धुडकूच्या डाव्या कानाजवळ फुटला. त्या कानातला आवाज गेला तो गेलाच. धुडकूने फार मनाला लावून घेतलं नाही. म्हणायचा, "भोंगाले बी एकच तोंड शे. त्याले एक तोंड, मले एक कान. हिसाब बराबर." मंगलाबाईला उलट सोयच झाली. नवऱ्याला शिव्या द्यायच्या असल्या की ती डाव्या बाजूला बसायची.

असं चाललेलं असताना, सहासष्ट साली, मगनभाईच्या घरी त्या दोन पेट्या आल्या.

मगनभाई म्हणजे गावातले बडे गुजर. केळी, कपाशी, ऊस, आणि दाराशी गावातला पहिला विजेचा खांब. त्यांचा साला चुनीलाल मोंबासाला दुकान टाकून होता. त्याने बहिणीला, म्हणजे सरलाबाईला, जहाजातून एक गाणं वाजवायचं यंत्र पाठवलं. मुंबईहून सुरत, सुरतहून नवापूरवरून नंदुरबार, आणि नंदुरबारहून सरकीच्या पोत्यांवर झोपून ते म्हसावदला आलं. स्टीरिओ, असं त्याचं नाव मगनभाई सांगायचे, नव्या व्याह्याचं नाव सांगावं तसं. मधे तवा फिरवायचं यंत्र, आणि बाजूला दोन लाकडी पेट्या, पुढून कापड लावलेलं. भोंगा नाही, काही नाही. आवाज म्हणे त्या कापडातून यायचा. लोक येऊन कापडाला नाक लावून बघायचे.

सोबत चुनीलालची चिठ्ठी होती. तिच्यात तीन गोष्टी लिहिलेल्या. दोन्ही पेट्या एकमेकींपासून लांब ठेवा. दोन्ही एकदमच चालतात. आणि ऐकणाऱ्याने बरोबर मधे बसावं.

मगनभाईंनी पहिल्या दोन गोष्टी मनापासून मानल्या. लांब ठेवा म्हणजे कुठे, हा प्रश्नच पडला नाही. घरात पुरुष बसायचे बाहेरच्या बैठकीत आणि बायका मधल्या घरात. आफ्रिकेतला साला झाला तरी गुजराचा पोर, त्याला घरची रीत ठाऊक असणारच, म्हणून तर दोन पाठवल्या. एक पेटी पुरुषांची, एक बायकांची. वायर लांबवून एक बैठकीत खुंटीखाली ठेवली, दुसरी मधल्या घरात धान्याच्या कोठीवर. तिसरी गोष्ट त्यांनी सोडून दिली. कारण दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधे काय होतं, तर उंबरा. आणि उंबऱ्यावर कोण बसतं? उंबऱ्यावर बसलं की लक्ष्मी अडते. एवढं साल्याला कळू नये याचंच मगनभाईंना वाईट वाटलं.

गावात दोन तट पडले. नवं भारी की जुनं भारी? निकाल लावणार होते हुकमीचंद शेठ. शेठचं कापडाचं दुकान, आणि वैशाखात त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न. शेठ ज्या दुकानातून गूळ घेतील तिथून गाव गूळ घ्यायचं. मग शेठच्या मांडवात जे वाजेल तेच बारा गावांत वाजणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शेठ म्हणाले, "आखाजीले दोन्ही वाजाडा. जे मन्हा मनले लागी ते लगीनमा."

त्याच संध्याकाळी मंगलाबाई नवऱ्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली. धुडकू समजला, काहीतरी महत्त्वाचं आहे.

"शेठनी त्या पेट्या लिध्या," ती म्हणाली, "तर दुसरा दिन भोंगा शहादाले, तांबटकडे. मी आधीच सांगी ठेवस. पंधरा वरीस थांबनू."

"आनि भोंगा जिकना तर?"

"तर तू आनि तो, दोन्हीजन गोठामा झोपज्यात. मी काई बोलाव नही."

धुडकूने रात्रभर चिंचेने भोंगा घासला. मंगलाबाईने मधेच उठून पाहिलं आणि म्हणाली, "घास घास. तांबट खूश हुई."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दुपारी मगनभाईच्या घरी ही गर्दी. पोरी झोके सोडून आल्या, आमरस खाऊन जडावलेले बाप्ये पोट सावरत आले. बैठकीत शेठ तक्क्याला टेकून, शेजारी मगनभाई, भिला सुतार, आणि बाकी गाव. मधल्या घरात सरलाबाई, शेठाणी धापूबाई, पाण्याचे हंडे ठेवायच्या पाणियाऱ्याजवळ मंगलाबाई, आणि बाकी गावाच्या बायका. मधे दार, दाराला उंबरा.

आधी भोंगा झाला. धुडकूने नवी सुई घातली, जपून चावी दिली, आणि त्याच्या ठेवणीतला तवा लावला. भोंगा नेहमीसारखाच गायला, नाकातून, पण जीव तोडून. लोकांनी माना डोलावल्या. रोजच्या भाजीला माना डोलावतात तशा.

मग मगनभाईंनी हात धुतले, टोपी सरळ केली आणि स्टीरिओवर गरब्याचा तवा ठेवला.

बैठकीतल्या पेटीतून ढोल सुरू झाला. आणि काय ढोल! भोंग्यातल्यासारखे चणे नाहीत, थेट पोटात आमरस हलला. मग टाळ्या, मग मंजिरे. सगळे सरसावून बसले. आता गाणारी येणार. ढोल चालला, टाळ्या चालल्या. गाणारी काही येईना.

भिला सुतार म्हणाला, "मगनभाई, बाई कव्हय येई?"

"येई, येई. मोंबासाथून येवानी शे, टाइम लागी."

तवा निम्मा सरला. मधेच ढोल थांबायचा, दहा-बारा क्षण नुसती सुईची खरखर, की पुन्हा ढोल. दुरून, दाराच्या पलीकडून, काहीतरी किणकिणल्यासारखं यायचं, पण ते बायकांचं चाललं असेल असं समजून पुरुषांनी तिकडे कान दिला नाही. तवा संपला.

शेठ सावकाश म्हणाले, "भाया, यामा तर ढोलच शे. ढोल आमना गावमा बी शे. त्यानाकरता जहाज कसाले लागनं?"

बैठकीत हशा. मगनभाईंचं तोंड कपाशीच्या बोंडासारखं पांढरं पडलं. धुडकू खाली मान घालून भोंगा पुसत होता, म्हणजे हसू दिसू नये.

तेवढ्यात आतून सरलाबाईंचा आवाज आला. "शेठ, धापूबाई म्हनी ऱ्हायन्यात, लगीनले हाईच लागी. गानारी काय गोड शे व माय!"

"कोनती गानारी?" शेठ म्हणाले.

"कोनती काय? जी आते गायनी ती!"

"आठे कोनी गायनं नही."

"आनि ढोल?" मगनभाई उठून दाराकडे ओरडले. "ढोल कसा वाटना?"

"कोनता ढोल? ढोल नही, ताशा नही, म्हनीसन ते गोड लागनं. शबद अन् शबद समजना."

मग दारापलीकडून एक आवाज उठला, जो लग्नापासूनच्या सव्वीस वर्षांत बैठकीतल्या एकाही परपुरुषाने ऐकला नव्हता. घुंगट, पडदा, सगळं ओलांडून धापूबाई शेठाणी नवऱ्याला मारवाडीत म्हणाल्या, "थे बहरा हो ग्या के?"

शेठ तक्क्यावरून उठले. चिडलेल्यापेक्षा घाबरलेले जास्त दिसत होते. एकतर आपण बहिरे झालो, नाहीतर घरातल्या सगळ्या बायकांना एकदम वेड लागलं, आणि दोन्हींत खर्च होता. "फिरी लाव," ते म्हणाले. "तोच तवा. बिलकूल कोनी बोलू नका."

तवा पुन्हा लागला. बैठकीत ढोल. धुडकूला आनंदाने कोरड पडली होती. भोंगा जिंकल्यातच जमा होता. तो पाणी प्यायला आत निघाला. लग्नघरात पंधरा वर्षं वावरलेला माणूस, त्याला बायकांच्या खोलीत जायला कुणी अडवत नसे. उंबऱ्याशी आला, दार ठेंगणं म्हणून मान वळवून वाकला, आणि उजवा कान आतल्या बाजूला गेला.

आत एक बाई गात होती. ढोल नाही, टाळी नाही. आणि तिला सरदी नव्हती. धुडकूला पहिल्यांदा समजेचना की हे काय ऐकतोय. एवढ्या वर्षांत तव्यातल्या बाईचा आवाज नाकाशिवाय त्याने ऐकलेलाच नव्हता. त्याने मान फिरवली, कान बाहेर आला. ढोल. पुन्हा आत. बाई. पुन्हा बाहेर. मग तो सरळ उभा राहिला, एक पाय आत, एक पाय बाहेर, उंबरा दोन्ही पायांच्या मधे. कान बरोबर दाराच्या मधोमध.

बाई ढोलावर चालत आली. ती थांबली तिथे टाळ्या पडल्या, टाळ्या थांबल्या तिथे तिने ओळ उचलली. एकच गाणं होतं. अर्धं एका खोलीत, अर्धं दुसऱ्या.

आख्ख्या म्हसावदात दोन-दोन कानांची चारशे माणसं, आणि गाणं पुरं ऐकलं ते एका कानाच्या धुडकूने.

पाणियाऱ्याजवळून मंगलाबाई त्याच्याकडेच बघत होती. हातात तांब्या तसाच. नवऱ्याचं तोंड असं उघडं पडलेलं तिने एकदाच पाहिलं होतं, सारंगखेड्याहून आला त्या दिवशी.

तवा संपला. शेठ दाराकडे वळले. "धुडकू, तू या धंदामा शे. तू आतबी गया, भाहेरबी व्हता. इमानथून सांग. गानारी शे का नही?"

धुडकूला फक्त एक शब्द बोलायचा होता. नही. बायकांचं ऐकून शेठ लग्नात पेटी लावणार नव्हते. धुडकूने नाही म्हटलं की विषय संपला. भोंगा घरी, बारा गावं त्याची, विडी त्याची, कुठल्या आळीकडे तोंड फिरवायचं ते त्याच्या हातात. त्याने तिवईवरच्या भोंग्याकडे पाहिलं. रात्री घासलेला, लखलखीत. त्याच्याकडे बघून त्याला खोटं बोलायला हरकत नव्हती. पण कानात ते अर्धं-अर्धं खाजत होतं. एकट्या बैलाला गाडी ओढताना बघून गाडीवानाला होतं, तसं.

"मगनभाई," तो म्हणाला, "वायर ढील द्या."

त्याने खुंटीखालची पेटी उचलली, गरोदर बाईला हात द्यावा तशी जपून, आणि दाराच्या या बाजूला, चौकटीशी आणून ठेवली. मग आत जाऊन कोठीवरची पेटी उतरवली. सरलाबाई ओरडली, "नाना, हाई आमनी शे!" "तुमनीच शे, कोनी लई जात नही," म्हणत त्याने ती चौकटीच्या दुसऱ्या बाजूला टेकवली. दोघींची तोंडं दारात. "आते लावा."

पुरुष दाराच्या अलीकडे सरकत आले, बायका पदर ओढून पलीकडे. मधे उंबरा मोकळा. गरबा सुरू झाला, आख्खा. भिला सुताराने तोंड मिटलंच नाही. मगनभाई रडले असं नंतर लोक म्हणायचे. ते स्वतः म्हणायचे, आमरस जास्त झाला होता. गाणं संपल्यावर सगळे खाली बघायला लागले. एकमेकांकडे इतक्या जवळून बघायची दोन्ही बाजूंना सवय नव्हती.

शेठ खाकरले. "आते भोंगा, फिरी एकदाव."

धुडकूने तवा लावला. भोंगा गायला लागला, तसाच, नेकीने, पंधरा वर्षं गात होता तसाच. दोन ओळी झाल्या. कुणी हसलं नाही, हेच वाईट होतं. धुडकूने स्वतःच सुई उचलली.

"ऱ्हाऊ द्या शेठ," तो म्हणाला. "याले सरदी शे."

मंगलाबाई शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने भोंगा घेऊन शहाद्याला. तांबटाने भोंगा हातात घेतला, बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाला, "बाई, हाऊ पितळ शे का पापड? यामा हंडा नही निंघत."

"मंग काय निंघी?"

"एक लोटा निंघी. तो बी लहान."

पंधरा वर्षं तिने ज्या हंड्याला जागा राखून ठेवली होती, पाणियाऱ्यावर, मधोमध, तिथे ठेवायला लोटा फारच चिल्लर. म्हणून तो धुडकूकडेच आला, आणि रोज सकाळी तो घेऊन धुडकू वावराकडे जाऊ लागला. ज्या भोंग्याने बारा गावांना आवतन दिलं त्याच्यावर ही पाळी आली म्हणून भिला हळहळला. धुडकू म्हणाला, "बरं शे. आधी मी त्याले उचलीसन फिरू, आते बी मीच फिरस. फरक येवढाच, आते सकायमा एकलाच जास."

शेठच्या मुलीच्या लग्नात मगनभाईंच्या पेट्या वाजल्या, पण त्या कुठे ठेवायच्या हे सांगायला धुडकूच लागला. ऐन लग्नात वरच्या आळीला आवतन पोचलं नाही, कारण पेट्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या आणि गावाकडे त्यांनी पाठ केली होती. शेठना स्वतः वरच्या आळीत फिरून हात जोडावे लागले. धुडकू मांडवाच्या मधोमध खाटेवर बसून गाणं ऐकत होता.

आणि नंतर? नंतर पेट्या मगनभाईंच्या घरी आल्या आणि आठ दिवसांत पुन्हा आपापल्या जागी गेल्या. दारात दोन पेट्या, ये-जा कशी करायची? शिवाय पुरुषांना बायकांच्या तोंडासमोर बसायला अवघड वाटे, आणि बायकांचं म्हणणं, आमची पेटी आम्हाला कोठीवरच पाहिजे, ढोलाची कटकट कुणाला हवी? चुनीलालने मोंबासाहून विचारलं, आवाज कसा आहे? मगनभाईंनी कळवलं: फार छान, पुरुषांसाठी ढोल, बायकांसाठी गाणं, सगळे समाधानी.

फक्त धुडकू रोज दुपारी यायचा आणि उंबऱ्यावर बसायचा. सरलाबाईने दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "धुडकूनाना, उंबरावर बठतस नही. लक्ष्मी अडस."

चौथ्या दिवशी धुडकू घरून पाट घेऊन आला. उंबऱ्यावर आडवा पाट टाकला आणि त्यावर बसला.

"नाना!"

"मी उंबरावर कोठे बठनू? पाटवर बठनू."

सरलाबाईने विचार केला. पाटावर बसू नये असं कुठे सांगितलेलं नव्हतं. ती तवा लावायला गेली.

पंधरा-वीस दिवसांनी मंगलाबाई त्याला बोलवायला आली. म्हैस वेळेआधीच व्यायला लागली होती, आणि नवरा दारात डोळे मिटून. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून बरंच काही बोलली. धुडकू हलला नाही. मग ती उजव्या बाजूला आली, बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या एका कानात ढोल पडला, दुसऱ्यात बाई. ती तशीच उभी राहिली. तवा पुढे गेला.

"सरक," ती म्हणाली.

धुडकू सरकला. पाट लहान होता. दोघं त्यावर कशीबशी मावली, माणसं दोन, कान तीन. घरी म्हैस हंबरत होती, पण ते त्यांना ऐकू आलं नाही.